रिबकामावशींचं रागाचं कार्ड

माझ्याशी चार दिवस अबोला धरलेली बाई परवा सकाळी गेली.

आमच्या रिबकामावशी. साताऱ्यात सदर बझारला, भिंतीला भिंत लागून शेजारी. वय त्र्याऐंशी.

आणि मी कालपासून हातातली कात्री खाली ठेवलेली नाही. त्यांची अकरा कार्डं अर्धी राहिली होती, उद्या स्पीड पोस्टने जायला हवीत. खरं सांगते, इतका हुरूप मला कित्येक वर्षांत आला नव्हता.

थांबा, नीट सांगते.

मावशी बेने इस्राएल. म्हणजे आपल्या मराठी ज्यू. पावसाळा सरत आला की त्यांचं नवं वर्ष. मावशी म्हणायच्या, ‘नव्याचा सण’. महिनाभर आधीपासून डायनिंग टेबलावर घोटीव कागद, गव्हाच्या पिठाची खळ, नखं कापायची वाकडी कात्री.

अलिबाग, ठाणे, पुणे, थेट इस्राएल. प्रत्येकाला हाताने केलेलं कार्ड. विकतचं एकही नाही.

पहिल्यांदा मदतीला बसले तेव्हा मी मोठ्या ऐटीत वीस तारे कापून दिले.

मावशींनी एक उचलला. टोकं मोजली.

"पाच?"

"तारा आहे ना मावशी."

"हा तुझ्या शाळेतल्या सिस्टरांचा नाताळचा तारा. आमच्याला सहा टोकं. कॉन्व्हेंटात पाचाच्या पुढे मोजायला शिकवत नव्हते वाटतं."

वाया काही घालवायचं नाही, म्हणून टोकं गोल करून त्यांची पाच पाकळ्यांची फुलं केली. त्या वर्षी सगळ्या नातेवाइकांना फुलंच फुलं.

मावशींचा एक नियम होता.

ज्याच्यावर राग, त्याचं कार्ड सगळ्यात अवघड.

जावेशी वाजलं, तर जावेला उघडल्यावर उभा राहणारा कागदी मांडव, वर लटकणाऱ्या फळांसकट. भाच्याने वर्षभर फोन केला नाही, तर त्याला सात फांद्यांचा दिवा, अखंड एका कागदात कोरलेला.

"नव्या वर्षात जुना राग न्यायचा नाही," त्या म्हणायच्या. "आणि तो नुसतं जा म्हटलं की जात नाही. कापत बसावं लागतं."

पाकीट जाड आलं की नातेवाईक टरकायचे.

मला मात्र एकोणीस वर्षं तेच साधं कार्ड. एक सफरचंद आणि त्यावर महाबळेश्वरच्या मधाचा पिवळा थेंब.

"मला कधी भारी कार्ड, मावशी?"

"आधी भांड तरी."

या वर्षी भांडले.

मावशी बाथरूममध्ये पडल्या. "हानाला सांगू नकोस," म्हणाल्या. हाना त्यांची मुलगी, पुण्याला असते. मी सांगितलं. हाना दुसऱ्याच दिवशी आईला न्यायला गाडी घेऊन दारात.

मावशी गेल्या नाहीतच. पण मला म्हणाल्या, "तू शेजारीण होतीस. हेर कधीपासून झालीस?"

मीही चिडले. "तशाच पडून राहिला असतात म्हणजे?"

आणि घरी आले. चार दिवस गेले नाही. भिंतीपलीकडे त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मी रेडिओ मोठा करायचे.

पाचव्या दिवशी सकाळी त्या त्याच खुर्चीत गेल्या. हार्ट.

दुपारी पुण्यात दफन झालं. मग हाना साताऱ्याला आईच्या घरी परत आली, सात दिवस शोकाला बसायला. त्या सात दिवसांत त्यांच्यात घरच्या माणसांनी कसलंच काम करायचं नसतं. समोर टेबलभर आईची अर्धी कार्डं, आणि तिला हात लावता येईना.

"ताई, तू करशील?"

बसले. पण टेबलाच्या कडेला वेगळ्या ठेवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याला हात लावायचा धीर होईना.

त्यात माझं नसलं तर? आणि असलं, पण अर्धंच असलं तर? अर्धं म्हणजे राग अर्धाच उतरलेला. आता विचारायचं कुणाला?

मावशींकडे कामाला येणारी सुमन दारात उभी होती. ती म्हणाली, "आवं ताई, बघा की. चार दिस त्येच कोरत बसल्या व्हत्या. जेवा म्हनलं तर म्हनायच्या, अजून उतरंना गं."

सगळ्यात खाली होतं.

डाळिंब.

उघडलं की फुटतं. आत एकेक दाणा वेगळा कापलेला, तांदळाएवढा, लालभडक. मधले पडदे पतंगाच्या पिवळ्या कागदाचे. त्र्याऐंशी वर्षांच्या हातांनी. फोटो टाकलाय, झूम करून बघाच.

मी हसले. शोकाच्या घरात चक्क मोठ्याने हसले. हानाही.

"ताई, एवढी चिडली होती तुझ्यावर?"

एवढी. एकोणीस वर्षांनी मला भारी कार्ड मिळालं होतं.

मग बोट फिरवून पाहिलं. सगळे दाणे जागच्या जागी. एकही जागा रिकामी नाही.

सुमन म्हणाली, "शेवटचा दाना त्याच सकाळी लावला त्यांनी. म्हनल्या, उतरला बघ. जा, तिला च्याला बोलाव. मी म्हनलं, येवढी भांडी घासून जाते."

आणि ती तिथेच खाली बसली, तोंडाला पदर लावून.

"असू दे सुमन," मी म्हटलं. "निरोप मिळाला मला."

अकरातली आठ झाली. तीन राहिलीत. हाना पत्ते सांगते, मी पाकिटांवर लिहिते.

मावशी, माझा राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. फक्त उठून दाराशी आले नाही.

तुमची कार्डं सणाआधी सगळ्यांना पोचतील.

या शेजारणीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.