खाऱ्या मातीची चूल

कसाऱ्याच्या घाटातून आगगाडी धावायला लागून वीस-बावीस वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. कल्याणात पारनाक्याच्या मागे एका गल्लीत अकरा घरं होती आणि अकराही घरांतल्या चुली एकाच बाईच्या हातच्या होत्या. तिचं नाव आवडाबाई. डोंबिवलीच्या अलीकडे खाडीला लागून आगऱ्यांचा एक पाडा होता, तिथून ती डोक्यावर मातीची पाटी घेऊन पहाटे निघायची आणि उन्हं वर यायच्या आत गल्लीत हजर व्हायची.

नवरा मिठागरावर राबून गेला. त्याच्यामागे पाच वर्षं तीही मिठागरात उभी राहिली. टाचांना अशा भेगा पडल्या की त्यात मीठ जाऊन बसे आणि झोपेतही पाय चुरचुरत. मग कुणाकडे तरी पडकी चूल लिंपायला गेली, ती चूल चांगली पेटली, शेजारणीने बोलावलं आणि बघता बघता तिचा हा उद्योगच झाला. भेगा भरून आल्या. पुन्हा त्या खाऱ्या पाण्यात पाय घालायला लागू नये, एवढंच तिचं देवीकडे मागणं असे.

तिची चूल धुरायची नाही, ही तिची ख्याती. गोडी माती, भाताचं तूस आणि घोड्याची लीद एकत्र भिजवून तीन दिवस तुडवायची. चुलीच्या तोंडातून बाजूच्या वैलाकडे, म्हणजे दुसऱ्या लहान तोंडाकडे, जाळ जायला जे भोक असतं, त्याचा उतार ती कोपर घालून मोजायची. तो उतार तिने कुणाला शिकवला नाही, आणि कुणी शिकून घ्यायचा प्रयत्न केला तर नीट जमलाही नाही.

त्या वर्षी चैत्रात गल्लीतल्या रखमाकाकूंकडे धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. ठाण्याची व्याही मंडळी आधी वैशाखात एकदा जेवून जाणार होती. चाळीस पानं. जुनी चूल खचून वर्षभर धुरत होती, तेव्हा नवी हवीच होती. पण कोणती, यावरून घरात दोन तट पडले.

काकूंचा मुलगा विठ्ठलराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. त्याने मुंबईहून लोखंडी विलायती चूल आणवली. चार पाय, वर दोन झाकणं, मागे धुराडं, आणि पोटात दार असलेला एक कप्पा. त्या कप्प्यात साहेब लोक पाव-बिस्किटं भाजतात असं कळल्यावर काकूंनी ती चूल गोणपाटात गुंडाळून ओटीवर ठेवायला लावली. पाव-बिस्किटाच्या पेटीवर व्याह्यांचा वरणभात शिजवला तर सोयरीक मोडेल, असं त्यांचं म्हणणं. विठ्ठलराव म्हणे, मग निदान कोळशाच्या शेगड्या घ्या चार. काकू म्हणत, शेगडीवर चहाचं आधण ठेव तुझ्या. चाळीस माणसांचा भात शेगडीवर चढवायचा म्हणजे आज चढवून उद्या उतरवायचा.

विठ्ठलरावाचं खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याला आईपुढे बोलता येत नव्हतं. त्याची बायको कलावती चुलीपुढून उठे तेव्हा तिचे डोळे लाल झालेले असत. वर्षभरात तिची नजर मंदावत चालली होती. सुईत दोरा ओवायला ती नणंदेला हाक मारायची.

शेवटी काकूंनीच तोड काढली. आवडाबाईला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, की एक चूल घाल. व्याह्यांच्या जेवणाला ती धुरली नाही, तर लोखंडी धूड परत मुंबईला जाईल. आणि धुरली किंवा दगा दिला, तर मातीची चूल या घरातून उठली. आणि हे घर उठलं की गल्ली उठली, हे न बोलताही सगळ्यांना कळलं. लोखंडी चूल बघायला अकरा घरांतल्या बायका आधीच ओटीवर येऊन गेल्या होत्या.

आवडाबाई पाड्यावर परतली ती मातीच्या विचारात. तिची नेहमीची जागा आता उरली नव्हती. रुळांच्या बाजूचं जे पडीक शेत होतं, त्यावर रेल्वेने भराव टाकला होता. खाडीच्या बांधाच्या आत थोडं पुढे तशीच काळी, चिकट माती तिला दिसली. हाताला लोण्यासारखी लागली. एरवी माती उचलायच्या आधी ती चिमूटभर जिभेवर ठेवायची. गोडी निघाली तर पाटीत, खारी निघाली तर तिथेच. खाऱ्या मातीची चूल ताठ उभी राहते, छान वाळते, आणि आच लागून वरून पाणी सांडलं की आतून भुगा होते. पण ते चैत्रातले नऊ दिवस होते. देवीची पालखी निघेपर्यंत पाड्यावरच्या बायका अळणी व्रत धरत, मिठाचा कणही जिभेला लागू देत नसत. मातीत मीठ असेल की नसेल तेच पाहायचं, आणि असलं तर व्रत मोडलं.

म्हणून तिने सून शकूला पुढे केलं. शकू दिवसभर मिठागरात फावडं ओढायची आणि त्या वर्षी पोटुशी म्हणून तिला व्रतातून सूट होती. शकूने माती चाखली, थुंकली आणि म्हणाली, गोडी हाय. आवडाबाईने विश्वास ठेवला. जिचे ओठ, घाम, भाकरी सगळंच दिवसभर खारं, तिला एवढं मीठ कुठून कळणार, हे त्या वेळी तिच्या मनात आलं नाही.

चूल घातली. आठ दिवस सावलीत वाळली. जेवणाच्या आदल्या दिवशी काकूंनी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, दूध उतू घालवलं. त्या क्षणापासून चूल सोवळ्यात गेली. घालणाऱ्या हाताने तिला पुन्हा शिवायचं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा रिवाजच होता. आवडाबाईला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. एकदा घातलेल्या चुलीला पुन्हा हात लावायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

जेवणाच्या दिवशी ती सकाळीच परसात आली. चूल घालणारीला खण-नारळाचा मान असे, तो घ्यायचा आणि लाकडं फोडून द्यायची. मागल्या दाराच्या समोर ती बसली. तिथून आतली चूल अर्धी दिसत होती. कलावती ओलेत्याने चुलीपुढे बसली होती. मोठ्या तोंडावर आधणाचा हंडा, वैलावर वरण. धूर नव्हता. काकू दारात येऊन मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "विठ्ठला, ये रे जरा. धूर शोधून दे मला, सापडत नाहीये."

विठ्ठलराव आला, आत डोकावला, हसला आणि निघून गेला. जाताना आवडाबाईला म्हणाला, तू जिंकलीस बाई. तिने पदर तोंडाला लावला.

घटकाभराने हंड्यातलं आधण उकळून बाहेर सांडलं आणि चुलीच्या बाजूने ओघळलं. ओघळ वाळला. वाळल्यावर तिथे एक पांढरी रेघ उमटली. आवडाबाईने आधी म्हटलं, तांदळाचं पाणी असेल. पण तांदूळ अजून हंड्यात पडले नव्हते, परातीत निथळत होते. दुसऱ्यांदा पाणी सांडलं तेव्हा रेघ रुंद झाली, पहाटे मिठागराच्या कडेला पापुद्रा धरतो तशी.

ती उठली नाही. उठलं तर काकू विचारतील.

कलावतीने राखेची पाटी भरून दाराबाहेर सरकवली. राखेत चुलीच्या कडेचा एक टवका पडलेला होता, बोटाच्या पेराएवढा. आवडाबाईने तो उचलला, लुगड्याला पुसला आणि जिभेवर ठेवला.

खारा. नुसता खारट नाही, मिठागराचा.

तिने पुन्हा आत पाहिलं. हंडा ज्या बाजूला टेकला होता, तिथून खाली केसासारखी भेग गेली होती. हंड्यात चाळीस माणसांच्या भाताचं पाणी, आणि समोर मांडी घालून कलावती. मंद डोळ्यांमुळे तिला वाकून, अगदी जवळून बघावं लागत होतं. भेग तिला दिसली नसती.

आवडाबाईच्या मनात हिशेब सुरू झाला. तास, दीड तास. तेवढी टिकली की पानं वाढली जातील. मग संध्याकाळी सांगता येईल की वैल थोडा बदलायचा आहे, आणि उद्या सगळी चूल गुपचूप पाडून गोड्या मातीने उभी करता येईल. लोखंडी चूल परत जाईल. गल्ली राहील. कुणाला काही कळायचंच नाही. चुली टिकतातही कधी कधी, ही टिकेलही. आणि आत्ता बोललं तर? मिठागरातलं पाणी तिच्या घोट्यांना लागल्यासारखं झालं.

कलावती तांदळाची परात घेऊन पुढे सरकली. गुडघा चुलीला टेकला.

"काकू," आवडाबाई म्हणाली, "वैनीला तिथून उठवा."

काकू केळीची पानं पुसत होत्या. त्यांनी कपाळाला आठी घालून विचारलं, काय झालं. आवडाबाईने चूल खचेल म्हणून सांगितलं. काकूंचा चेहरा बदलला. व्याही तासाभरात दारात येतील, आज शुभाच्या दिवशी असलं अभद्र बोलू नये, दृष्ट लागल्यासारखं काय करतेस, असं म्हणून त्यांनी तिला परसात बसायला सांगितलं. त्यांना वाटलं, मान लवकर मिळावा म्हणून कुरकुर चालली आहे.

आवडाबाई उंबऱ्यापाशी गेली. दोन पावलं आत टाकली असती तर कलावतीला ओढून बाजूला करता आलं असतं. पण मग शिजलेलं वरण, चिरलेल्या भाज्या, पुरणाचा घाणा, सगळं टाकायला लागलं असतं आणि व्याह्यांपुढे ठेवायला पानात मीठसुद्धा उरलं नसतं. तिने उंबऱ्याच्या बाहेर दोन्ही पाय घट्ट रोवले. आता हातात फक्त जीभ होती, आणि काकू ऐकत नव्हत्या. मग तिने ते सांगितलं, जे चूल घालणारी बाई मेली तरी सांगत नाही.

"माती खारी हाय, काकू. चूक माझी. मी चाखली नाय, घातली तशीच. ही चूल वाईट हाय. वैनीला उठवा आधी, मंग मना काय पाहिजे ते बोला."

परसातल्या, माजघरातल्या सगळ्यांनी ऐकलं. काकू वळून चुलीपाशी गेल्या, वाकल्या, बोटाने भेग चाचपली. बोट आत गेलं.

"कलावती, ऊठ. हळू. मागे हो."

कलावती परात घेऊन उठली. सोवळ्यातल्या विठ्ठलरावाने आणि त्याच्या चुलतभावाने हंड्याच्या कडीतून दांडा घालून तो उचलला. हंडा वर उचलला गेला आणि बाजूची भिंत आवाज न करता आत बसली, ओल्या साखरेचा ढीग बसतो तशी. वरणाचं पातेलं कलंडलं. निम्मं वरण राखेत गेलं. जिथे कलावतीची मांडी होती, तिथपर्यंत निखारे आले होते.

लग्न ठरलेली नणंद रडायला लागली, तिला सासरच्या माणसांची धास्ती. विठ्ठलरावाने ओटीवरच्या गोणपाटाकडे पाहिलं, पण लोखंडी चूल बसवायची, धुराडं छपरातून काढायचं म्हणजे दिवस गेला असता.

आवडाबाईने तोवर परसातली कुदळ उचलली होती. काकूंना तिने एवढंच विचारलं, की परसात चुलाण खणून देते, वर गोमूत्र शिंपडून घ्या, चालेल का. काकूंनी मान हलवली. वारा पश्चिमेचा होता. तिने हात-सव्वाहात रुंद, वाऱ्याच्या तोंडाला उतरता असा चर खणायला घेतला. वैशाखातली जमीन दगड झालेली. कुदळीच्या प्रत्येक घावाला ती आतून चरफडत होती, कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. शकूवर नाही, पाठवलं तिनेच होतं. चर तयार झाला, कडेला फाडीचे दगड बसवले, आणि ती लांब जाऊन उभी राहिली. काकूंनी गोमूत्र शिंपडलं. हंडा पुन्हा चढला.

व्याही बाराला आले, पानं दोनला बसली. उशिराबद्दल ठाण्याच्या विहीणबाई काहीतरी लागट बोलल्या, पण भात मोकळा झाला होता आणि वरण थोडं पातळ असलं तरी कुणी नाव ठेवलं नाही. सोयरीक टिकली.

पाहुणे गेल्यावर काकू मागल्या दारी आल्या. आवडाबाई लिंबाखाली तशीच बसली होती, जेवली नव्हती. काकूंच्या हातात खण-नारळ होता. तिने घ्यायला हात पुढे केला नाही.

"लोखंडी चूल परवा बसेल," काकू म्हणाल्या. "शब्द दिला होता मी, तो फिरवणार नाही. आणि खरं सांगू? कलावतीचे डोळे मलाही दिसत होते, आवडे. मी बघत नव्हते, एवढंच."

"बसवा, काकू."

"गल्लीत विचारतील मला. काय सांगू?"

"झालं ते सांगा."

"सांगेन," काकू म्हणाल्या. "चूल बसली ते सांगेन, आणि बसायच्या आधी तू काय बोललीस तेही सांगेन. पुढे ज्याचं त्याने ठरवावं." खण-नारळ त्यांनी तिच्याजवळ खाली ठेवला आणि आत गेल्या.

ज्याने त्याने ठरवलं. वर्षभरात गल्लीत चार लोखंडी चुली आल्या, तिघींनी कोळशाच्या शेगड्या मांडल्या. त्या वैशाखाची अखेर आणि सारा जेठ, पाऊस लागेपर्यंत, आवडाबाई शकूच्या जागी मिठागरात उभी राहिली, कारण शकूला दिवस भरत आले होते. टाचा पुन्हा उलल्या. संध्याकाळी ती भेगांना तेल लावत असताना शकूने एकदा रडत माफी मागितली तेव्हा तिने तिला फक्त भाकरी थापायला बसवलं.

बोलावणं आलं ते दसऱ्याच्या सुमाराला, ठाण्याहून, कलावतीच्या माहेरून. तिच्या आईला नवी चूल हवी होती. निरोप घेऊन आलेल्या गड्याने सांगितलं, की ठाण्यात हवी तेवढी माती आहे, बाईने नुसतं हात हलवत यावं. आवडाबाईने त्याला गूळपाणी दिलं आणि चार दिवसांनी येते म्हणून सांगितलं. मग कुदळ-पाटी घेऊन ती खाडीपासून दूर, पार टेकडीच्या पायथ्याशी गेली आणि तिथे खणायला लागली.