ही काय म्हणती ते ऐका

शेवंताबाई माझ्या वतीनं बोलायच्या. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला की दुकानदार म्हणायचा, "बाई, तोंडातल्या तोंडात काय? मोठ्यानं बोला." मग शेजारी उभ्या असलेल्या शेवंताबाईंचा आवाज लागायचा, "आवो, ही काय म्हणती ते ऐका! मागच्या बारीचा गहू किडका निघाला. बदलून द्या म्हणती!" सगळी रांग वळून बघायची. मी फक्त गहू किडका होता एवढंच म्हटलेलं असायचं. बदलून द्या हे त्यांच्या पदरचं. पण गहू बदलून मिळायचा.

माझा आवाज लहानपणापासून असाच. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ओठ हलतायत, आवाज कुठाय?" पुढं शाळा सुटली, आवाज तसाच राहिला. मला भेटलेल्या प्रत्येक माणसानं एकदा तरी म्हटलंय, मोठ्यानं बोल. सासूनं, नवऱ्यानं, बस कंडक्टरनं. शेवंताबाईंनी मात्र कधीच म्हटलं नाही.

आम्ही दोघी घाटकोपरच्या डोंगरावर एकाच गल्लीत राहायचो आणि साकीनाक्याला रंगाचे पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात जायचो. मी भिंतीपलीकडं पॅकिंगला, त्या प्रेसवर. प्रेस म्हणजे पत्रा कापून त्याला आकार देणारं मशीन. अशी पुष्कळ मशीनं एका छपराखाली ठोके घालायची. पायाखालची फरशी हलायची, छातीत धडधड व्हायची. पहिल्या दिवशी मला तिथून झाकणांची टोपली आणायला धाडलं. मी म्हटलं, "झाकणं पाहिजेत." माझं मलाच ऐकू आलं नाही. पण समोरच्या उंच, हाडापेरानं मोठ्या बाईंनी, म्हणजे शेवंताबाईंनी, टोपली पुढं सरकवली आणि हात तोंडाशी नेऊन विचारलं, जेवलीस का?

तिथल्या सगळ्याच बायका ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. मला ते खातं फार आवडलं. तिथं सगळ्यांचाच आवाज माझ्याएवढा होता.

शेवंताबाईंना ऐकू येत नाही, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी भाकरी करत आम्ही बोलत बसलो होतो आणि अचानक दिवे गेले. मी बोलतच होते. त्या मधेच म्हणाल्या, "थांब. चिमणी लावते, मग बोल." मी विचारलं, "चिमणी कशाला?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. चिमणी लागली, उजेड माझ्या तोंडावर पडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता बोल. तोंड दिसलं की मला ऐकू येतं."

हे त्यांनी कारखान्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं तर घरी बसवतील ही भीती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. साताऱ्याकडं गावी एक पुतण्या होता, तो दिवाळीला यायचा आणि पैसे घेऊन जायचा. कानात सोन्याच्या कुड्या होत्या, त्यांना हात लावून त्या हसायच्या, "कान काय, कुड्या घालायला दिल्यात." पौर्णिमेला विहारात सगळ्यांत पुढं बसायच्या, बोलणाऱ्याचे ओठ दिसावेत म्हणून. वंदना सुरू झाली की मात्र डोळे मिटायच्या. ते शब्द पाठ होते, तिथं बघावं लागत नव्हतं.

मग नवा सुपरवायझर आला. तरुण होता, चांगल्या घरचा. त्याला पाठीमागून हाक मारायची सवय. शेवंताबाई वळायच्या नाहीत. एकदा पत्र्यांची ट्रॉली मागून आली, सगळे ओरडले, आणि ती त्यांच्या घोट्यावर आदळली. सुपरवायझर म्हणाला, "बाई, कान फुटलेत का? पुन्हा झालं तर घरी."

युनियनचे मोरेभाऊ आमच्याच गल्लीतले. ते घरी येऊन बसले. "शेवंताक्का, आता लपवून चालायचं नाही. कामाच्या आवाजानं कान गेले, तर तो अपघातच धरतात. कामगार विम्याच्या मेडिकल बोर्डानं तसं लिहिलं तर महिन्याची पेन्शन बसेल, आणि कंपनीलाही तुम्हाला काढणं जड जाईल."

"आणि न्हाई लिहिलं तर?"

"मग वाट लागली समजा."

"इतकी वर्सं झाकलं," शेवंताबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता आपणहून उघडं करायचं?"

विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वय झालं की ऐकू कमी येतंच. कान तपासायचं मशीन बिघडलं होतं, ते दुरुस्त होईना. कागद बोर्डाकडं गेले. आम्ही ओट्यावर बसून तयारी करायला लागलो. मी सांगायचे, "डॉक्टर बोलले तरी वर बघायचं नाही. माझ्या चपलांकडं बघायचं." मग मी डॉक्टर व्हायचे. "चहा घेणार का?" म्हटलं की त्यांची मान आपोआप वर यायची, "घेते की!" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

बोर्डात तीन डॉक्टर होते. वर पंखा फिरत होता. नाव काय, गाव कुठलं, काम कधीपासून, एकामागून एक विचारत होते. शेवंताबाई माझ्या चपलांकडं बघत राहिल्या. एकाही प्रश्नाला मान वर केली नाही. एक डॉक्टर मागून टाळी वाजवून गेले. तरी नाही. कडेचे डॉक्टर काही लिहायला लागले, मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात मधले डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही सोबत आलात ना? घरी ऐकू येतं का यांना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. ओठ बघून कळतं त्यांना. अंधारात काही कळत नाही."

"काय? मोठ्यानं बोला."

मी पुन्हा सांगितलं.

"बाई, काय पुटपुटताय? आम्हाला ऐकू येत नाही."

माझ्या पायांची बोटं चपलेत आवळली गेली. ती शेवंताबाईंनी पाहिली असणार. त्यांनी मान वर केली, तेच पुन्हा सांगणारे माझे ओठ पाहिले आणि रेशनच्या दुकानात बोलायच्या तशा खणखणीत बोलल्या, "साहेब, ही काय म्हणती ते ऐका! मला ऐकू येत न्हाई म्हणती! ओठ बघून कळतं म्हणती!"

तिघेही हसले. वाईटपणानं नाही, खरंच हसू आलं त्यांना. मधले म्हणाले, "हिचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही, ते तुम्हाला आलं. मग बहिरं कोण?"

कागदावर लिहिलं, कामामुळे श्रवणदोष आढळला नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू अडकलीस. मग काय गप बसू?"

मोरेभाऊंनी अपील केलं. तारखा पडत गेल्या. कारखान्यात मात्र तो कागद लगेच पोचला. सुपरवायझरनं हाक मारली आणि शेवंताबाई वळल्या नाहीत, की तो म्हणायचा, "बोर्डानं ऐकू येतं म्हणून लिहिलंय. म्हणजे ही मुजोरी आहे." मुजोरीबद्दलच त्यांना काढलं. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "आधी कान गेलं, आता वागणूकबी गेली."

पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. विम्याचं कार्ड कामाबरोबरच गेलं होतं. कुठल्याशा शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, तो कायमचा गेला. दुसऱ्याला त्यांनी हात लावू दिला नाही. त्यातलं दिसणं हळूहळू धुरकट होत गेलं. मी अगदी जवळ, उजेडात तोंड धरून बोलायचे. आधी कळायचं, मग अर्धं कळायचं, मग त्या नुसतीच मान हलवायला लागल्या. मी तवा तापलाय म्हटलं तरी मान, पाऊस थांबला म्हटलं तरी मान. रेशनला मी एकटी जायला लागले. जसा मिळेल तसा गहू आणायचे.

शेवटी पुतण्या त्यांना न्यायला आला. कुर्ल्याच्या एसटी स्टँडवर मी सोडायला गेले. त्या खिडकीशी बसल्या, कानात कुड्या नव्हत्या. मी खिडकीचा गज धरून म्हटलं, "शेवंताबाई, पोचल्यावर कुणाकडून तरी कळवा."

त्यांनी माझ्या तोंडाच्या दिशेला चेहरा केला. शोधत राहिल्या. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी गजातून हात काढून माझा गाल चाचपला.

"मोठ्यानं बोल गं, लिले," त्या म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई."

मी ओरडले. असा आवाज माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हतं. कंडक्टर थांबला, पाट्या घेतलेल्या बायका वळल्या, चहाच्या टपरीवरची माणसं बघायला लागली. साऱ्या स्टँडनं ऐकलं.

शेवंताबाई माझ्याकडं तोंड करून वाट बघत होत्या. गाडी हलली तेव्हाही त्या म्हणतच होत्या, "बोल की गं."