हातावर बसणारे आबा

आबा गेल्याचं मी डाव्या कानानं ऐकलं. उजव्या कानानं ऐकू आलं नसतं, कारण तो कान आबांनीच घालवलेला. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात मायचा फोन आला. "सुमे, आबा गेले. बैलांला पाणी पाजलं, बाजंवर टेकले अन् गेले. तू ये." एवढंच. ना हुंदका, ना काही. मी हजेरीपट कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि हेडमास्तरांना सांगून निघाले. खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. रडू आलं ते नळदुर्गहून मुरुमला जाणाऱ्या एसटीत, आणि असं आलं की शेजारच्या बाईनं माझ्या मांडीवर तिची पाण्याची बाटली ठेवली. याला पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहावं म्हणतात. मी सगळंच लिहिणार आहे... आबांना कोणी गुळगुळीत केलेलं आवडलंही नसतं.

आमचं गाव मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिथं आबांची ख्याती बैलांसाठी होती. "शिवाप्पाच्या बैलाला आसूड ठाव न्हाय," असं लोक कौतुकानं म्हणायचे, आणि ते खरंच होतं. आसूड आमच्या घरात दाराच्या मागं खुंटीला असायचा आणि तो माझ्यासाठी आणि मायसाठी होता. मीठ जास्त पडलं, माय माहेरी एक दिवस जास्त राहिली, मी हसले, मी हसले नाही... कारणाला काही तोटा नव्हता. मी एकुलती, त्यामुळं वाटणीलाही कोणी नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या वहाणांचा आवाज आला की माय चुलीपुढं सावरून बसायची आणि मी वही उघडायची. उघडलेल्या वहीला आबा घाबरत. निरक्षर माणूस, वहीवर हात टाकायचा नाही, हा एक नियम त्यांनी पाळला. मी मास्तरीण झाले त्यात या नियमाचा वाटा मोठा आहे, हे मी शाळेतल्या भाषणात कधी सांगितलं नाही.

कानाची गोष्ट सांगते. मी आठवीत होते. काढलेल्या ज्वारीच्या धसकटांना कोवळा फुटवा आला होता. तो जनावराला विषासारखा असतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला वासरू राखायला सांगून आबा बाजारला गेले, आणि मी बांधावर पुस्तक वाचत बसले. वासरानं फुटवा खाल्ला. आबा आले तेव्हा ते पाय झाडत होतं आणि त्याच्या तोंडाला फेस होता. आबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ते मरेपर्यंत धरून बसले आणि मोठ्यानं रडले. मग उठून त्यांनी माझ्या कानशिलात दिली. एकच. कानात शिट्टी वाजली आणि ती दोन दिवस वाजतच राहिली. त्यानंतर आसूड आला. मी जमिनीवर होते, आणि मला दिसलं ते मायचं लुगडं, माझ्या आणि त्यांच्या मधे. त्यांनी तिचं मनगट धरून पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, अर्थात डाव्या कानानं. आबा तेव्हाही वासरासाठी रडतच होते. शेजारणीनं विचारलं तेव्हा माय म्हणाली, "म्हशीनं झटका दिला." आमच्या घरी त्या वर्षी म्हैस नव्हती. ते मनगट वाकडंच बसलं.

माझं लग्न झालं, नळदुर्गला आले. नवऱ्याचं हायवेला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, माणूस शांत, इतका की सुरुवातीला मला त्याचीच भीती वाटायची. शाळेत सात वर्षं शिकवते, एका पोरावर छडी उगारलेली नाही. घरात चिन्या झाला, त्यालाही कधी बोट लावलं नाही. आपण त्यातून सुटलो, असं मी स्वतःशी म्हणायची आणि मनातल्या मनात जरा मिरवायचीसुद्धा.

चिन्या पावणेतीन वर्षांचा असताना त्याच्या पाठीवर मुलगी झाली. सिझर करावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी गावी जायला मनाई केली, सासूबाई हयात नव्हत्या, तेव्हा माहेरच माझ्याकडं आलं. मायला एकटीला बोलावलं होतं. पण आबांच्या भाकरीचं काय? म्हणून तेही आले. रिक्षातून उतरताना त्यांच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं होतं. लेकीच्या घरचा दाणा खायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. ज्वारी, डाळ, चटणी, एवढंच काय, मीठसुद्धा पुडीत बांधून आणलेलं. मी दारातच उभी राहिले, पोटाचे टाके धरून. त्यांनी घरात पाऊल टाकायच्या आधीच मी म्हणाले, "आबा, माझ्या घरात लेकराला हात लावायचा न्हाय. लावला तर त्याच पावली मुरुमची गाडी." माय खाली बघायला लागली. आबांनी पोतं उतरवलं, ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

ते तसेच बसायचे. रोज, तासन्तास. चिन्या दूध सांडो, किंचाळो, त्यांच्या धोतरावर मुतो, हे आपले हातावर बसलेले. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, "आबा, थंडी वाजती का?" एप्रिल महिना, पत्रा तापलेला. आबा म्हणाले, "व्हय." तो बिचारा पंखा बंद करून गेला.

मायनं मात्र घर उचलून धरलं. वाकड्या मनगटानं ती बाळाला पायांवर घ्यायची, चांगल्या हातानं तेल चोळायची, धुरी द्यायची, लंगोट लाकडी धोपटण्यानं बडवून दोरीवर टाकायची. पाचवीला सटवाईची पूजा केली आणि बाळाच्या उशाखाली विळा ठेवला. सव्वा महिना बाळाजवळ लोखंड पाहिजे, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही. मी म्हटलं, "माय, खिळा ठेव, चमचा ठेव, लोखंडच पाहिजे ना?" तर म्हणाली, "मला नगं शिकवू, तूबी विळ्यावरच वाढलीस." आणि विळा तरी बोथट असावा की नाही! हिनं गावाकडून आणलेला सुगीचा विळा, पंधरा दिवसांपूर्वी ज्वारी काढलेला. मी थकले होते. राहू दे म्हटलं. ती चूक तिची जितकी, तितकीच माझी.

बाळ वीस दिवसांचं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. मी न्हाणीतून आले, तर चिन्या बाजेवर बसलेला. हातात विळा. सुगीत आजोळी आबांनी त्याला खांद्यावर बसवून ज्वारीची काढणी दाखवली होती, आणि तो बाळाचं दुपटं मुठीत धरून कापत होता. "ज्वाली काढतो," म्हणाला माझ्याकडं बघून, हसत. बाळ ओरडत होतं. दुपट्यावर रक्त. टाच चिरली होती.

मी विळा हिसकावून कोपऱ्यात फेकला. इथवर कुठल्याही आईनं केलं असतं. पुढचं मी केलं. त्याच्या कानशिलात दिली, एक, मग दुसरी. त्याचा ओठ फुटला. तो बाजेखाली शिरायला लागला, तर पायाला धरून ओढला आणि पाठीत, मांडीवर, जिथं लागेल तिथं... माझ्या तोंडातून शिव्या येत होत्या, आणि त्या माझ्या नव्हत्या. एकूण एक आबांच्या होत्या, त्याच क्रमानं. धोपटणं दाराशी पडलेलं. ते केव्हा हातात आलं ते मला आजही आठवत नाही. वर उचललेलं आठवतं. खाली आणलं तेव्हा चिन्याच्या डोक्यावर आबांचा पंजा होता.

करंगळी मोडली. तो आवाज मला ओळखीचा होता. आबा ओट्यावरून कसे आले, एवढ्या लवकर, माहीत नाही. पोराला पोटाखाली घेऊन ते जमिनीवर पालथे झाले आणि म्हणाले, "मला मार. त्याला न्हाय. मला मार, सुमे."

आणि मी मारलं. लेक म्हणून, मास्तरीण म्हणून सांगायला लाज वाटते, पण मी मारलं. खांद्यावर, पाठीवर, तीन वेळा, चार वेळा. टाक्यांतून कळ उठत होती तरी मारलं. आबांनी हात वर केला नाही, दोन्ही हात चिन्याच्या डोक्यावरच. मायनं येऊन धोपटणं माझ्या हातातून काढून घेतलं. वाकड्या मनगटानं. मग मी बाळाला उचललं, टाच धुतली, आणि तिला फडकं बांधलं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला दोन टाके घातले. आबांनी बोटाला बांबूची कामटी बांधून घेतली, दवाखाना नको म्हणाले. संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. "आबा, बोटाला काय झालं?" आबा म्हणाले, "बैलानं पाय दिला." काकूंनी गल्लीत इकडं तिकडं बघितलं. "नळदुर्गात बैल कुठला?" आणि आत भाकरी थापणारी माझी माय हसायला लागली. पीठ सांडेपर्यंत हसली. तिला मी त्याआधी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

चिन्या आठ दिवस माझ्याजवळ आला नाही. मी हात पुढं केला की डोकं झाकायचा. ते मला कापून काढत होतं, कारण असं डोकं झाकणं मला चांगलं माहीत होतं. तो आबांजवळ असायचा, ओट्याच्या पायरीवर. एके दुपारी मी दाराआडून बघितलं. आबांचा डावा हात मांडीखाली, कामटी बांधलेला उजवा चिन्याच्या मांडीवर. चिन्याचे दोन्ही पंजे त्याच्या बुडाखाली.

"हात मोकळं असलं की आपलं ऐकत न्हाईत," आबा सांगत होते. "मग वंगाळ करत्यात. दाबून ठिवायचं. दहा मोजायचं."

"मला दहा येत न्हाईत."

"मग चार मोज. मला म्हातारपणी सुचलं, तू आताच शीक."

मी दाराआड खाली बसले... त्या चार आकड्यांसाठी मला तीस वर्षं वाट बघावी लागली होती. राग आला. होय, राग. हे हात आधी का दाबले नाहीत? माझ्या कानाच्या वेळी, मायच्या मनगटाच्या वेळी? आजही मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही आणि मी त्यांना माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी मीही बाहेर जाऊन पायरीवर बसले. चिन्या सरकून आबांना चिकटला. आबा उठले, मला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आले आणि तिथं बसले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्याशी बोलायचं असलं की ते नेहमी डावीकडूनच येत होते. कित्येक वर्षं. कोणाला काही न सांगता.

सव्वा महिना झाला, ते दोघं गावी परत गेले. त्यानंतर आबा दर सुगीला पोतं घेऊन यायचे. करंगळी वाकडीच राहिली. गेल्या संक्रांतीला मी विषय काढला, "आबा, त्या दिवशी मी..." मला पुरं बोलूही दिलं नाही. "बैलानं पाय दिला म्हणलं न्हवं?" आणि तीळगूळ तोंडात टाकला. त्यावर आमच्या दोघांचं तेवढंच बोलणं. शेवटच्या अंघोळीच्या वेळी मी त्यांचे हात धुतले. ज्या हातांनी मला मारलं आणि माझं लेकरू वाचवलं, ते हातच धुवायला मी मागून घेतले. मायनं त्या करंगळीवर आपलं वाकडं मनगट टेकवलं, जरा वेळ, आणि म्हणाली, "चला, उशीर हुतोय."

त्यांनी आणलेलं शेवटचं पोतं माझ्या स्वयंपाकघरात आहे. अर्धं संपलं होतं. आता त्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलेलं. मागच्या रविवारी धाकटीनं, चिन्या तेव्हा जेवढा होता तेवढी आहे ती आता, त्या पोत्यात पाण्याची आख्खी बादली ओतली. "ज्वालीला पानी," म्हणाली. पोतं आडवं, दाणे सगळ्या फरशीवर, भिजलेले, आबांचे. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हात वर गेला होता. तिनं डोकं झाकलं नाही, कारण तिला ते माहीतच नाही. ती नुसती बघत राहिली, माझा हात वर का गेला म्हणून.

चिन्या दारात उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "आई, हातावर बस."

मी ओल्या ज्वारीवरच बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. दाणे तळहाताला टोचत होते. चिन्या मला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला आणि मोजायला लागला. त्याला आता शंभरपर्यंत येतं.