फाटकापाशी राहिलेलं वाक्य

विणाई खात्यात दोनशे माग एकदम सुरू झाले की कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका आवाजाशिवाय बोलायच्या. एकीने ओठ नीट हलवायचे, दुसरीने ते वाचायचे. थोरली आणि तिची धाकटी जाऊ समोरासमोरच्या मागांवर होत्या. दिवसाचे बारा तास आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे धावायचा आणि त्याच्या डोक्यावरून या दोघींच्या गप्पा. ही खोड घरीही आली. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना दोघी भाजी निवडता निवडता त्यांचीच यथेच्छ टिंगल करायच्या. सासूबाई मात्र शेजारणीला सांगायच्या, सुना अगदी गरीब गायी आहेत, तोंडातून शब्द म्हणून काढत नाहीत.

मग आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला. आज त्याच मागणीच्या नावाने देशभर सुट्टी असते, भाषणं होतात. भाषण ठोकणाऱ्यांतल्या एकानेही संपाचा चाळिसावा दिवस पाहिला नसावा. घरातले डबे खडखडत होते, धाकटीची तान्ही मुलगी तापाने फणफणली होती. त्या सकाळी थोरली इतर बायकांबरोबर गिरणीचं फाटक अडवून उभी होती. धाकटी मान खाली घालून कामावर जायला आली. पोलिसांनी तिला वाट करून दिली. फाटकापाशी ती वळली आणि थोरलीकडे पाहत तिने ओठ हलवले.

थोरलीने ते न वाचताच तोंड फिरवलं. त्यांच्या बोलीत याहून मोठी शिवी नव्हती.

त्यानंतर बाराव्या दिवशी संप जिंकला, आठ तास मिळाले. तोवर अख्ख्या गल्लीने धाकटीला वाळीत टाकलं होतं, आणि ती बिऱ्हाड हलवून कुठल्याशा दुसऱ्या गावी गेली होती.

थोरली आता उजेडात घरी यायची. पण त्या मोकळ्या वेळेचं करायचं काय? घरात ओठ वाचणारं कुणी उरलं नव्हतं. सासूबाई गेल्या, पुढे नवराही गेला. ओट्याशी ती एकटीच ओठ हलवत राहायची, नातीला वाटायचं आजी चोरून काहीतरी चघळतेय. धाकटीवरचा राग केव्हाच विरला होता. उरला होता तो स्वतःच्या फिरवलेल्या मानेवरचा. फाटकापाशी ती काय म्हणाली, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी जीव तुटायचा.

सुट्टीच्या मिरवणुकीला ती दरवर्षी जायची ती गर्दीतले चेहरे बघायला. एकतिसाव्या वर्षी रस्त्यापलीकडे, दुकानाच्या पायरीवर धाकटी दिसली. केस पांढरे, मान तशीच खाली. मधून ढोल आणि बँड चालले होते, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. थोरलीला तो गोंगाट आपल्या घरचा वाटला. धाकटीने वर पाहिलं.

थोरलीने ओठ हलवले. "फाटकापाशी काय म्हणाली होतीस?"

धाकटीला वेळ लागला. पण अक्षरं सुटी सुटी आली, मागावर यायची तशी.

"तुम्ही नुसतं थांब म्हणा, मी आत जात नाही."

सांगायचं ते सांगून झालं म्हणून धाकटी पायरी उतरली आणि जाता जाता तिने एकदा मागे वळून पाहिलं. थोरली तोवर ढोलवाल्यांमध्ये घुसली होती.

"थांब," ती म्हणाली.

धाकटी थांबली.