नकाशावरचा सुटलेला धागा

सुधाकर गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगाव जामोदच्या बाजारात मेथी घेत होतो. फोन त्याच्या बायकोचा, मालतीवहिनींचा. "भाऊजी, सर गेले," एवढंच बोलल्या. मी हातातली जुडी परत ठेवली आणि तिथेच उभा राहिलो... रडू आलं नाही, राग आला. आता हा मला उत्तर देणार नव्हता.

जानेफळच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. तो इतिहास शिकवायचा, मी मराठी. स्टाफरूमच्या भिंतीवर त्याचा जगाचा नकाशा होता. लष्करी करारांनी बांधलेल्या देशांना तो टाचण्या टोचून लोकरीने जोडायचा. लोकर वहिनींच्या स्वेटरमधून उरलेली. एक आघाडी साफ मोडली तेव्हा त्याने तिचे लाल धागे उतरवले आणि पुढे त्यातल्याच कित्येक देशांना समोरच्या आघाडीचा निळा धागा बांधला. "युती काई लगन नाई बे," म्हणायचा, "भय सरलं का धागा ढिला होते." एखादाच देश बाहेर पडला, तर फक्त त्याच्या बाजूची टाचणी काढायची. दुसरं टोक तसंच ठेवायचं, कुणी कुणाला सोडलं ते दिसावं म्हणून.

पश्चिमेकडच्या देशांच्या मोठ्या कराराचं कलम तो वर्गात रंगवून सांगायचा. "एकावर हल्ला म्हंजे सगळ्याईवर हल्ला. आता पुढचं ऐका पोट्टेहो. मदत कोणती? ज्याले जी आवश्यक वाटन ती! सारा करार या 'वाटन'वर उभा हाय." पोरं हसायची. मीही हसायचो.

मग संस्थेने शाळेच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. सभेत दोघांनी मिळून विरोध करायचा, हे त्या नकाशाखालीच ठरलं. "तुह्यावर आलं त माह्यावर आलं," तो म्हणाला आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्याने दोन टाचण्या टोचल्या. एकीखाली 'सु' लिहिलं, दुसरीखाली माझा, माधवचा 'मा'. मध्ये पिवळा धागा.

सभेत मी उठून बोललो. सुधाकर पेनाचं टोपण उघडत-लावत बसला. महिन्याभरात माझी बदली जळगाव जामोदला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निघालो त्या दिवशी तो माझी ट्रंक उचलून स्टँडवर आला. "काऊन बसून राह्यला रे तू?" मी विचारलं. खाली पाहत म्हणाला, "मले जे वाटलं ते करून राह्यलो न बे." म्हणजे ट्रंक उचलणं! विश्वासघात या शब्दाचा अर्थ मी वर्गात कितीदा सांगितला होता. कळला मात्र त्या स्टँडवर.

नंतर दर दसऱ्याला त्याचा फोन यायचा. उत्तरेकडचा एक तटस्थ देश शेजाऱ्याला घाबरून करारात शिरला, त्याचा धागा आज बांधला, असं काहीबाही सांगायचा. मी नुसता हुंकार भरायचो. सभेचा विषय त्याने कधी काढला नाही... गेल्या हिवाळ्यात मात्र दसरा नसताना फोन आला, आवाज पार बसलेला. "येऊन जा न एकदा. बोलाचं हाय."

"वाटलं तर येईन," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी गेलो नाही.

तेराव्याला वहिनींनी, निवृत्तीनंतर त्याने घरी लावलेला तो नकाशा माझ्या हाती दिला. "तुमालेच द्या म्हनले होते." परतताना एसटीत तो मांडीवर उघडला. 'सु'ची टाचणी जागेवर होती, पिवळा धागा तिला घट्ट बांधलेला. 'मा'ची टाचणी नव्हती. माझ्या बाजूचं टोक मोकळं लोंबत होतं. सभेत गप्प बसलास तू, हाकलला गेलो मी, आणि टाचणी माझी काढलीस? मेलेल्या माणसावर इतकं संतापता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नकाशा आता माझ्या खोलीत आहे. परवा चष्मा लावून जवळून पाहिलं. 'मा'वरच्या भोकाभोवती गंजाचं वर्तुळ आहे, त्याच्या टाचणीभोवती आहे तेवढंच. माझी टाचणी इतकी वर्षं तिथेच होती तर! मी वहिनींना फोन लावला.

"हिवाळ्यात काढली," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन झाला न, त्याच दिवशी."