घोडीच्या घोंगड्या आणि दणकट मशीन

घरातलं पहिलं वॉशिंग मशीन आजीनं, म्हणजे मी, मोडलं, असं आमच्याकडे अजून सांगतात. नातवंडं हे ऐकतच मोठी झाली.

आमची वरातीला भाड्यानं द्यायची पांढरी घोडी होती. तिच्या खोगिराखालच्या जाड घोंगड्या मी न्हाणीत पायानं तुडवून धुवायची. लग्नसराईत रोज. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, "चल, मशीन घेऊ. घोंगड्या त्यातच टाकत जा."

बजाजनगरच्या दुकानात गेलो. तेव्हाची मी म्हणजे पन्नाशीला टेकलेली आणि स्वतःला इंजिनिअर समजणारी बाई. भोपळा पारखावा तशी प्रत्येक ड्रमवर टिचकी मारून आवाज ऐकत होते. पिशवीत एक कोरडी घोंगडी नेलेली. ती कोंबून पाहिली, झाकण लागलं, झालं, हेच मशीन दणकट. ओली घोंगडी दोन बायकांना उचलवत नाही, हे रोज अनुभवणारी मी दुकानात साफ विसरले.

सेल्समननं नाक मुरडलं. "काकू, कशाचा वास येतोय?"

मी तोंड उघडणार, तोच नवऱ्यानं माझा कोपर दाबला. "गावाकडची घोंगडी हाय. थंडीत पांघरतो आम्ही."

बाहेर आल्यावर म्हणाला, "घोडीचं नाव काढलं तर वॉरंटी नाय मिळायची. आपलं आपल्यात ठेव."

नवऱ्यानं आपल्याला गुपितात घेतलं, म्हणून ही बाई रिक्षात नव्या नवरीसारखी लाजत बसली.

पाचव्या महिन्यात मशीन बंद पडलं. कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं खालचा पंप उघडून मूठभर राठ पांढरे केस ओढून काढले.

"काकू, हे कुणाचे?"

"सासूबाईंचे," मी म्हणाले. गुपित राखायचं होतं ना.

पलंगावरच्या सासूबाईंनी पदर मागं सारला. डोक्यावर चिमूटभर केस. "माझे? एवढे असते तर मी अंबाडा नसता घातला, भवाने?"

मेकॅनिक हसत नवऱ्याकडे वळला. "मालक, खरं काय ते सांगा."

आणि नवरा, चेहऱ्यावरची माशीही न हलवता, म्हणाला, "मी हिला लई येळा सांगितलं, घोडीच्या घोंगड्या टाकू नको म्हून. ऐकतच नाय."

वॉरंटी गेली. मेकॅनिक गेल्यावर मी विचारलं, "असं का बोललात?"

"अगं, परक्या माणसापुढं मी खोटा ठरलो असतो. तुझं काय, तू घरातली."

यावर मी काय केलं? चहा ठेवला. तेव्हाच्या त्या बाईला दंडाला धरून ओट्यापासून ओढावंसं आज वाटतं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत चूक कबूल करतील. मग वाटलं, दिवाळीपर्यंत. तोवर ती गोष्ट त्यांनी गल्लीत, सोयऱ्यांत, गंगापूरच्या नणंदेकडे इतक्यांदा सांगून झाली, की त्यांना स्वतःलाही ती खरी वाटू लागली असावी.

परवा नात म्हणाली, "आजी, मोठं मशीन घेऊ. पण तू हात नको लावू हं."

समोर खुर्चीत हे बसले होते. मी म्हणाले, "सांगा हिला. त्या घोंगड्या मशीनमध्ये टाकायच्या, हे कुणी ठरवलं होतं?"

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणतीस? ऐकू येत नाय."

स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फुटला तर या माणसाला अंगणात ऐकू येतं.