बेंबी सरकलीय, असं मी सांगितलं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींनाही नाही. तुम्हाला सांगते.

परवा तळेगावात नातीची पोर सायकलवरून पडली. डॉक्टरणीने खाटेपाशीच एक यंत्र ढकलत आणलं, पोटावर गार, चिकट काहीतरी लावून त्यावर ठोकळा फिरवला — आणि म्हणाली, आत रक्त साचतंय. कुणाला काही विचारावंच लागलं नाही. आमच्या वेळी डॉक्टरला माणसाच्या तोंडावर विसंबावं लागे. ते तोंड माझं होतं.

तेव्हा आम्ही सुदुंबऱ्याला होतो. धाकटी जाऊ माहेरी गेलेली. तिच्या सात वर्षांच्या सखूने दुधाची कासंडी लवंडली. मी तिला लाथ घातली. ढकललं नाही — लाथ. ती गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर पोटावर आपटली.

संध्याकाळी पोट धरून बसली. गावात कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणत, आणि ती जागेवर आणायला पोरांना माझ्याकडेच आणत. सासूला तेच सांगितलं. तेल घेतलं आणि चोळलं — जोर लावून. पोट दगडासारखं झालं होतं. हाताला कळत नव्हतं, असं कसं म्हणू?

सकाळी बैलगाडीतून तळेगावला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. पडली का? बैलाने ढुशी दिली? कुणी मारलं? सखूने माझ्याकडे पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

"बाई, आतलं मला दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच. मार असेल तर आत्ता पुण्याला धाडतो."

"न्हाई ओ. कैऱ्या खाल्ल्यात तिनं लय."

औषधाची बाटली घेऊन परत निघालो. निम्म्या वाटेत ती गेली.

जाऊ आली ती माझ्याच गळ्यात पडली. "आक्का, तुमी तरी व्हता तिच्यापाशी." पुढे तिला दुसरी मुलगी झाली. पोट दुखलं की तिलाही माझ्याकडेच आणायची. मी चोळायची. काय करणार होते — नाही म्हणणार?

नातीची पोर वाचली. सगळी देवाला नारळ फोडायला गेली, मी घरी राहिले.

जाऊ मागल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत मला आक्काच म्हणत होती. आता तिला ऐकू जाणार नाही, म्हणूनच मी हे सांगते आहे — तेही मला ठाऊक आहे.